बूम तेवढी माझी

३ मे, शनिवार

अक्का म्हणाली, "तुझी ही कटकट एका वहीत लिही आणि माझे कान मोकळे कर." थोरली बहीण आहे, वरच्या मजल्यावर राहते, आणि खाली येऊन मला बोलायचा हक्क ती जन्मतःच घेऊन आलीये. तर लिहितो.

कटकट अशी की दातवाल्याने टिटवीला दोन शिडं दिली. नवी कोरी. एक मोठं, दुसरं त्याहून मोठं. दातवाला म्हणजे टिटवीच्या आईचा आताचा नवरा, दातांचा डॉक्टर. टिटवी म्हणजे माझी लेक. जन्मली तेव्हा अशी किंचाळत होती की दुसरं नावच सुचेना. आता सतरा वर्षांची आहे आणि फार कमी बोलते, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

ह्या गृहस्थाला वारा कुठून येतो ते कळत नाही. मागे तळ्यावर त्याची टोपी उडाली, तर हा वाऱ्याच्या उलट दिशेला जाऊन झुडपांत शोधत बसला. त्याने म्हणे शिडं निवडली! मी असताना!

ह्या महिन्यात तीन रविवार तळ्यावर विंडसर्फिंगच्या निवडीच्या शर्यती आहेत. तिन्ही मिळून ज्या दोन मुली पुढे, त्या मोठ्या स्पर्धेला जाणार. पुढच्या वर्षी टिटवीला वय आड येईल, म्हणजे यंदा नाही तर नाहीच. आणि रविवार माझा आहे. आम्ही वेगळे झालो तेव्हा एवढंच मागून घेतलं होतं मी. सहा दिवस पोर तिकडे, रविवार माझा. फळीवर उभं राहायला मी शिकवलंय तिला. म्हणून तिच्या आईला फोनवर स्पष्ट सांगितलं, शीड कुणाचंही असो, बूम माझीच लागणार. ती म्हणाली, "बरं." तिचं हे 'बरं' लग्नात कधी कळलं नाही, आता काय कळणार.

४ मे, रविवार

अक्काने विचारलं, बूम म्हणजे काय रे? आयुष्यभर भाऊ तळ्यावर जातोय आणि हिला आज प्रश्न पडला. सांगितलं. फळीवर डोलकाठी उभी, डोलकाठीला शीड, आणि शिडाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी नळीची कडी ती बूम. पुढे डोलकाठीला आवळायची, मागे शिडाचा कोपरा तिच्या टोकाला दोरीने बांधायचा. उभ्याने हातात धरायची ती हीच. बाकी सगळं वाऱ्याच्या ताब्यात, बूम तेवढी आपल्या. तर म्हणाली, "एवढंच ना? मग भांडतोस कशाला?" हिला समजावण्यात अर्थ नाही.

क्लबाच्या हिरवळीवर नवी शिडं माझ्या बूमवर चढवून पाहिली. ह्याच बूमवर मी ओळीने तीन वर्षं जिंकलोय. लहान शिडाला आरामात बसली. मोठ्या शिडाला बूमची लांबी वाढवणारी मागची नळी शेवटच्या भोकापर्यंत ओढावी लागली, पण बसली. बसते म्हणजे बसते.

तेवढ्यात दातवाला हातात कागद घेऊन हजर. नाकावर चष्मा, पायात पॉलिश केलेले बूट, ओल्या गवतात. "ह्यात लिहिलंय, ह्या शिडांना रुंद बूम लागते. वाऱ्यात त्यांना मोठं पोट येतं, ते अरुंद बूमला टेकतं."

मी त्याच्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांकडे बघून म्हटलं, "पोट कुणाला येतं म्हणालात?"

हसला. अपमान कळतच नाही ह्या माणसाला, मग करायचा तरी कशाला! मी शीड उभं केलं, वाऱ्यात धरलं. नळी आणि कापड ह्यांत चांगली दोन बोटं जागा. "घाला बोटं," म्हटलं. घातली बिचाऱ्याने.

"पण आज वारा कुठे आहे तेवढा..."

"वाऱ्याचं तुम्ही मला सांगणार?"

टिटवी आम्हा दोघांकडे न बघता मागची दोरी बांधत होती. बांधून झाल्यावर म्हणाली, "मी बाबाचीच वापरते." दातवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. घरी येताना मी गाडीत शीळ घालत होतो.

७ मे, बुधवार

दिवसभर प्लास्टिकचे कोन आणि मूर्ख. मी गाडी चालवण्याची परीक्षा घेतो, म्हणजे शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून मरायची तयारी ठेवतो. आज एक बाई डावीकडे वळायचा इशारा देऊन उजवीकडे वळल्या, वर मलाच म्हणाल्या की तुम्ही चेहरा असा केलात की मी घाबरले. माझा चेहरा जन्मापासून असाच आहे. नापास.

संध्याकाळी बूमवर नवी पट्टी गुंडाळली. टिटवीचे हात माझ्यासारखे, लहान. जाड नळी धरली की बोटं पुरत नाहीत आणि मनगटापासून कोपरापर्यंत दुखत राहतं, हे मी भोगलंय. म्हणून माझी बूम बारीक नळीची, आणि वर रबर नाही, सुती पट्टी. प्रत्येक वेढा अर्धा आधीच्यावर यायला हवा. हे दुकानात मिळत नाही. हे दातांचे डॉक्टरही करून देत नाहीत.

११ मे, रविवार

चौथी आली. चौथी!

दोष कुणाचा ते सरळ आहे. शीड नाही, इस्त्री केलेली चादर आहे ती. वारा चांगला होता, बाकीच्या पोरींची शिडं फुगून टम्म, आणि हिचं सपाट. पोटच नाही शिडाला, मग ओढणार कशाने? मी काठावरून घसा फोडून ओरडलो, "मागची दोरी सोड! ढिली सोड!" दोरी थोडी सोडली की शिडाला पोट येतं आणि जोर येतो, हे मी तिला ती दहा वर्षांची असताना शिकवलंय. ऐकू गेलं, कारण तिने माझ्याकडे पाहिलं. पण सोडली नाही. आईवर गेलीये. तिलाही ऐकू जायचं, पण ऐकायची नाही.

परत आल्यावर विचारलं, "दोरी का सोडली नाहीस?"

"चुकलं, बाबा."

"पुढच्या वेळी सोड."

"हो, बाबा."

एवढंच. वाद घालत नाही, रडत नाही. असल्या पोरीशी भांडायचं तरी कसं? दातवाला लांब टॉवेल घेऊन उभा होता. चोळामोळा करून धरलेला टॉवेल. घडी घालता येत नाही माणसाला.

१३ मे, मंगळवार

दुपारी सुट्टी टाकून शिडांच्या दुकानात गेलो. ह्या रुंद बूमचं थोतांड काय आहे ते एकदा बघून घ्यावं म्हणून. घ्यायला नव्हे.

दुकानवाल्या बाईला म्हटलं, "एका ओळखीच्या मूर्खासाठी विचारतोय."

"त्यांची शिडं कुठली?"

सांगितली. बाई म्हणाली, मग रुंदच लागेल त्यांना. भिंतीवरून एक काढून दाखवली. मधोमध असा फुगवटा की बघून हसू आलं. बैलाच्या शिंगांत शीड अडकवल्यासारखं दिसेल. आणि मागचं टोकही रुंद, तिथेही कापडाला जागा हवी म्हणे. बाई सांगत होती: दोन्ही शिडं एकाच बूमवर बसली पाहिजेत आणि मोठ्या शिडालाही शेवटच्या भोकापर्यंत ओढावी लागता कामा नये, तशी ओढली की जोराच्या वाऱ्यात ती वाकते. वजन थोडं जास्त असतं रुंद बूमचं, ते चालवून घ्यायचं. पुढची पकड डोलकाठीच्या जाडीला बसते का ते बघायचं. आणि मग विचारलं, "हात केवढा आहे?"

मी माझा पुढे केला.

"तुमचा नाही हो, त्या मूर्खाचा."

म्हटलं, एवढाच.

"मग बारीक नळी घ्यायला सांगा त्यांना. लोक लांबी बघतात, रुंदी बघतात, हात कुणी बघतच नाही. मागच्या महिन्यात एक डॉक्टर आले, ह्याच शिडांसाठी रुंद बूम घेऊन गेले, जाड रबराची. मी विचारलं, हात केवढा? तर म्हणाले, विचारून सांगतो. आलेच नाहीत परत."

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. म्हणजे दातवाल्याने रुंद बूम आणून ठेवलीये, महिना झाला, आणि टिटवीने तिला हातसुद्धा लावलेला नाही! पडली असेल कोपऱ्यात. पोरीला कळतं कुणाचं काय घ्यायचं आणि कुणाचं काय ठेवून द्यायचं.

१८ मे, रविवार

तिसरी. बरं चाललंय असं अक्काला सांगितलं. खरं तर बरं चाललेलं नाही. टिटवीला आता पुढच्या रविवारी पहिलं यावं लागेल, आणि पुढच्या दोघींपैकी एकीने माती खावी लागेल.

आज वारा झोत घेऊन येत होता. एकदा माझ्या ओरडण्याने तिने मागची दोरी सोडली. शीड फुगलं, फळी सुटली, मी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्याच झोताला थाप्! ओल्या कपड्यावर धोपाटणं मारावं तसा आवाज काठापर्यंत आला. शीड फडफडलं, वेग गेला. तिने पुन्हा दोरी आवळून टाकली ती शेवटपर्यंत.

शीड वाळत घातलं तेव्हा कापडावर मधोमध घासलेली लांब रेघ दिसली. दोन आठवड्यांत कापड घासलं! काय दर्जा! दातवाल्याला बोलावून दाखवली. तो रेघेकडे बघत राहिला, मग टिटवीकडे. टिटवीने मान हलवली, नाही अशी. काय नाही ते मला कळलं नाही.

तिच्या तळहातांना फोड आलेत. माझ्या पट्टीने फोड येणं शक्य नाही. तिकडे भांडी घासायला लावतात की काय तिला? विचारलं तर म्हणाली, "सराव जास्त झाला, बाबा."

१९ मे, सोमवार

अक्का म्हणाली, "तू तळ्यावर ओरडायला जातोस की बघायला?" बाई कधी तळ्यावर आलेली नाही. मत मात्र आहे.

२१ मे, बुधवार

सकाळी पावसाने परीक्षेच्या मैदानभर चिखल झाला, परीक्षा रद्द. वेळ होता म्हणून तळ्याकडे गाडी घेतली. आठवड्याच्या मधल्या दिवशी मी तिथे कधी जात नाही. रविवारचा माणूस मी.

पाण्यावर एकच मुलगी होती. लांबवर, पलीकडच्या काठाशी. काय चालली होती! शीड गच्च भरलेलं, फळी पाण्याला जेमतेम शिवतेय, झोत आला की अंग मागे टाकून तो अख्खा पिऊन टाकायची. मला धडकीच भरली. म्हटलं, ही कुठली नवीन आली? ही रविवारी उतरली तर आमच्या टिटवीचं काही खरं नाही.

मग ती वळली, जवळ आली. टिटवीच होती.

मी गाडीतच बसून राहिलो. काठावर दातवाला टॉवेल घेऊन उभा. शिडाला बैलाच्या शिंगांची ती रुंद बूम. पोट केवढं आलेलं शिडाला, तरी नळीला टेकत नव्हतं. बाहेर आल्यावर टिटवीने हात झटकले, बोटं उघडमिट केली. मग दोघांनी घाईघाईने बूम सोडवली. त्याने ती गाडीच्या डिकीत चादरीखाली झाकून ठेवली. माझी बूम फळीशेजारी जागच्या जागी लावली, तिनेच. वरून हात फिरवून पट्टीवरची वाळू झाडली.

चोर लेकाचे! मला फसवतायत दोघं! रविवारी माझी, एरवी त्याची! गाडी घराकडे वळवताना मी स्वतःच इशारा द्यायला विसरलो.

२२ मे, गुरुवार

चिडलोय. लिहीत नाही.

२३ मे, शुक्रवार

परीक्षेला "पुढचा" म्हणून हाक मारली तर गाडीत दातवाला येऊन बसला. चालकाच्या जागेवर. परवाना कधीचाच मिळालेला असून!

"दहा मिनिटं हवी होती तुमची. इथे तरी तुम्ही उठून जाणार नाही."

मागे रांग होती, सगळे बघत होते. म्हटलं, "पट्टा लावा. आरसा बघा. निघा."

निघाला. पहिल्या वळणावर म्हणाला, "रविवारी ती तुमचीच बूम लावणार आहे."

"लावणारच. गिअर."

"हरेल मग. तुमच्या बूमला शीड टेकतं. टेकू नये म्हणून ती मागची दोरी आवळून ठेवते, पोटच येऊ देत नाही शिडाला. तुम्ही काठावरून 'सोड, सोड' ओरडता आणि तिला सोडता येत नाही."

"मग तुमची लावा म्हणावं! आहे ना डिकीत, चादरीखाली!"

गाडी गचकन थांबली. "पाहिलंत तुम्ही?"

"मधेच थांबलात. एक चूक."

पुन्हा सुरू केली. कोनांमधून नेता नेता म्हणाला, "मी सांगून थकलो. तिची आई सांगून थकली. ती ऐकत नाही. म्हणते, शिडं काकांची, घर काकांचं, तळ्यावर सोडणारी गाडी काकांची. बूम तेवढी बाबाची आहे. तीही काढली तर बाबा रविवारी येईल कशाला?"

कोन पाडला त्याने. मी तो लिहून घ्यायला हवा होता. पेन हातात होतं, कागद समोर होता, आणि मला कागद दिसेना. दोन रविवार मी काठावर उभा राहून त्या पोरीला ओरडत होतो. तिने एकदा, फक्त एकदा, माझं ऐकून दोरी सोडली होती.

गाडी कोनांपाशी उभी. मागे रांगेतला कुणीतरी खाकरला.

मी म्हटलं, "जाड आहे."

"काय?"

"तुमची बूम. रुंदी बघितलीत, लांबी बघितलीत, हात बघितला नाहीत. फोड आलेत तिला त्या रबराने."

"मला वाटलं, तुमच्या पट्टीने..."

"माझ्या पट्टीने? उद्या संध्याकाळी घेऊन या माझ्याकडे. आणि ते पॉलिशचे बूट नकोत, जमिनीवर बसायचंय."

नापास केलं. कोन पाडला होता. उतरताना म्हणाला, "पूर्वीही तुम्हीच केलं होतं मला नापास, दोनदा." आठवत नाही. पण केलं असेल तर बरोबरच केलं असेल.

२४ मे, शनिवार

आला. बूट पॉलिश केलेलेच.

पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरली. रुंद बूमवरचं जाड रबर मी पात्याने उभं चिरून सोलून काढलं. खाली डिंकाची पुटं. मी थिनर लावून खसाखसा घासायला लागलो तर म्हणाला, "असं नाही, नळीला चरे पडतील, द्या इकडे." खिशातून त्याचं ते आकड्यासारखं दात खरवडायचं हत्यार काढलं. तासभर मान मोडून कण न् कण काढला. त्यात मात्र हात बरा आहे त्याचा. बाकी वेंधळाच.

रबर गेल्यावर नळी निघाली बारीक. टिटवीच्या मुठीत बसेल अशी. नवी पट्टी आणली नव्हती, आणि नवी पट्टी पहिल्या दिवशी हात सोलते. म्हणून तळ्यावरून माझी बूम आणली होती, तिच्यावरची सोडवली. तिच्या हाताला सवय झालेली, जिथे ती धरते तिथे मऊ पडलेली. दातवाल्याने बूम धरली, मी वेढे घातले, प्रत्येक वेढा अर्धा आधीच्यावर. तो घट्ट धरत नव्हता, तीनदा ओरडावं लागलं.

अक्का खाली आली, आम्हा दोघांना जमिनीवर बसलेलं पाहिलं आणि काही न बोलता चहा ठेवून गेली. अक्का आणि काही न बोलता!

माझी बूम आता उघडी नळी झालीये. दाराच्या मागे उभी करून ठेवली.

२५ मे, रविवार

टिटवी आली तेव्हा शिडावर रुंद बूम मी आधीच चढवून ठेवली होती. ती थबकली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दातवाल्याकडे. तो आकाशाकडे बघायला लागला. खोटं बोलता येत नाही त्याला.

मी आवाज चढवून म्हटलं, "असल्या शिडांना रुंद बूम लागते, एवढं कळत नाही तुला? इतकी वर्षं शिकवलं काय मी?"

"हो, बाबा," म्हणाली. मग पट्टीवर हात ठेवला. बोटं फिरवली, कुठे मऊ आहे ते सापडलं आणि तिथेच थांबली.

शर्यतीत मला ओरडायलाच मिळालं नाही. मी तोंड उघडायच्या आत तिने दोरी सोडली. शीड भरलं, आणि मग ती होती आणि पाणी होतं. बाकीच्या पोरी कुठेतरी मागे. दातवाला माझा दंड धरून उड्या मारत होता, मी सोडवून घेतला नाही. पहिली आली. इतकी पहिली की दुसरी येईस्तोवर तिने फळी बाहेर काढली होती.

आणि तिन्ही रविवारांची बेरीज केल्यावर तिसरी. एका गुणाने. जाणार त्या दुसऱ्या दोघी.

फळ्यावर आकडे लिहिले तेव्हा मी तिच्या शेजारी उभा होतो. आधीच्या दोनपैकी एका जरी रविवारी ही बूम असती तर? तिच्या आईने फोन केला, दातवाल्याने सांगितलं. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. 'बरं' नसणार.

टिटवी शीड गुंडाळत होती. रडली नाही. मी घसरत्या वाळूत तिच्याशेजारी बसलो आणि मागची दोरी सोडवायला लागलो. गाठ ओली होती, सुटेना.

"बाबा," म्हणाली, "पुढच्या रविवारी येशील ना?"

"पुढच्या रविवारी शर्यत नाही काही."

"नाहीच."

"निवड तर संपली."

"हो. म्हणून विचारतेय."

मी गाठीकडे बघत होतो. म्हटलं, येईन. मग दातवाल्याला ओरडून सांगितलं की पुढच्या रविवारी तो टॉवेल निदान घडी करून आणा. तो म्हणाला, कशी घालायची ते दाखवा. दाखवली. दोनदा दाखवली, तरी जमली नाही.